तीन सूर आणि एक खरखर

अण्णा, तुझ्या जलदानविधीला लाउडस्पीकरवर काय वाजलं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी मला भांडायचं आहे. माणूस गेल्यावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार. तू तो पुरेपूर कमावून ठेवला आहेस.

कावीळ तू अंगावर काढलीस. डोळे पिवळे झाले तेव्हा मी शाळेतून थेट तुझ्याकडं आले होते आणि आरसा आणून तुझ्यापुढं धरला होता. तू मान वळवून पुन्हा टीव्हीकडं बघायला लागलास. "ह्या पडद्यापुढं बसून बसून तसं दिसायलंय गं. एवढा ठेका बसू दे, मग जाऊया दवाखान्याला." वहिनीनं केलेला काढा तुझ्या टेबलावर साय धरून पडलेला असायचा. शेवटी उचलून न्यावं लागलं, आणि डॉक्टरांची बोलणी आम्ही खाल्ली. तू निवांत डोळे मिटून पडला होतास. ठेका काही बसला नाही, आणि दवाखान्यातून तू परत आला नाहीस.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, अण्णांना एवढं वेड कशाचं होतं? टेक्निकल शाळेत मास्तर, चांगली नोकरी, आणि घरी आलं की दार लावून बसायचं. मी काय सांगू? कॉम्प्युटर म्हटलं की त्यांना बँक आठवते, रेल्वेचं रिझर्वेशन आठवतं. तो कॉम्प्युटर हलगी वाजवतो म्हटलं तर मलाच काढा पाजतील.

ते यंत्र तुझ्याकडं आलं तेव्हा मीही हसलेच होते. तुझ्याच शाळेतल्या कुणाच्या तरी मेव्हण्यानं आखातातून पोरांना खेळायला म्हणून आणलेलं. पोरांचा जीव रमला नाही आणि ते धूळ खात पडलं. तू ते पिशवीत घालून सिटी बसमधून मांडीवर ठेवून आणलंस. नुसती टाइपरायटरची बटणं. पडदा नाही, काही नाही. टीव्हीला वायर जोडायची आणि प्रोग्रॅम ठेवायला आपला साधा टेपरेकॉर्डर. झाकण उघडून तू मला आतली एक काळी चिप दाखवलीस, दोन्ही बाजूंनी पाय असलेली, गोमेसारखी. म्हणालास, "ही गाती, सुमे."

ती एका वेळी तीन सूर काढायची, आणि चौथी नुसती खरखर. बनवणाऱ्यांनी ती खरखर खेळातल्या बंदुकांसाठी आणि बॉम्बसाठी दिलेली असणार. तुला मात्र त्यात भलतंच काही ऐकू आलं.

सुरुवातीला तीन सुरांवरून आपली किती जुंपायची! गाणं शिकवून पोट भरणारी मी, आणि तू मला सूर शिकवायला बसलास. त्या चिपला सूर सांगायचा म्हणजे भागाकार करून आलेला आकडा द्यायचा, आणि आकडा पुरा लागतो, अर्धामुर्धा चालत नाही. खालच्या सप्तकात निभायचं. वर गेलं की शेजारशेजारच्या दोन आकड्यांतच एवढं अंतर पडायचं की सूर एकतर चढायचा नाहीतर पडायचा.

"अण्णा, तुझा वरचा सा चढलाय."

"माझा न्हवं, भागाकाराचा चढलाय."

"मग जाऊ नको वर."

"जाणार. खरं गाणं तिथंच ऱ्हातंय."

आणि खरंच गेलास. एका रविवारी सकाळी मला बोलावून घेतलंस. टीव्हीवर मालिका बघायला शेजारची माणसं येऊन बसलेली, वहिनी डोळ्यांनी खुणावत होती, आणि तू म्हणालास, एक मिनिट थांबा, काकी. ते शेजारशेजारचे दोन आकडे तू चिपला इतक्या झरझर आलटून पालटून दिलेस की सूर त्यांच्या मधोमध येऊन थरथरायला लागला. अण्णा, ती सनई होती. फुंकर नाही, पत्ती नाही, माणूस नाही, पण सनईच. अंगावर सरकन काटा आला माझ्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आता लावा की आमचं," आणि तू गालातल्या गालात हसत वायर काढून टीव्ही त्यांच्या हवाली केलास. त्या सकाळीबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी आहे. नुसता राग नाही माझ्याकडं, हे लक्षात असू दे.

त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हे टेप करून ठेवूया. पुढच्या वेळी मी माझा टेपरेकॉर्डर घेऊनच आले, मुलींना समूहगीत शिकवायला वापरते तो. टीव्हीपुढं ठेवला, बटण दाबलं. तू पहिल्याच आवर्तनाला ते बंद केलंस.

"भाकरी अजून तव्यावर हाय, आणि तू फोटो काढायलीस व्हय?"

"करपली तर फोटो तरी राहील की."

"अजून झालं न्हाय, सुमे. झालं की मीच सांगतो."

झालं की सांगतो. हे तुझं वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. गाणं टेप करू द्यायचं नाही, कारण झालं नाही. प्रोग्रॅम कागदावर उतरवायचा नाही, कारण उद्या बदलणार. लाईट जायची आणि सगळं पुसलं जायचं, कारण त्या दिवसाचं काम कॅसेटवर चढवण्याइतकं झालेलं नसायचं. लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून. बेळगावात लाईट जाणार हे शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे, आणि टेक्निकल शाळेतल्या मास्तराला ठाऊक नाही! मी ओरडले की म्हणायचास, दुसऱ्यांदा लिवलं की जास्त चांगलं होतंय. कधीकधी होतही असेल. बहुतेक वेळा तू कपाळाला हात लावून बसलेला मी बघितला आहे.

आणि मग तुझं लक्ष त्या चौथ्या आवाजाकडं वळलं, त्या खरखरीकडं. आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

खरखर एकदम मोठी करून झपकन उतरवली की बारीक काडीची कडकड ऐकू येते. त्याच वेळी एका सुराला वरून खाली घसरवलं की जाड काठीचा ठोका. हे तुझ्या ध्यानात आलं आणि तू पेटलासच. मी दारात उभी होते. आतून हलगी ऐकू आली, आपल्या घरात, आप्पांच्या खोलीला लागून असलेल्या तुझ्या खोलीत, आणि मी आधी आप्पांच्या दाराकडं बघितलं.

आपल्या घरात तो शब्दसुद्धा कुणी काढत नसे. सदलग्याकडच्या आपल्या गावात जत्रा असो, लग्न असो, मयत असो, आप्पांनी हलगी घेऊन पुढं चालायचं. पाऊस असला तरी चालायचं, ताप असला तरी चालायचं. वाजवून झाल्यावर वाड्यांच्या बाहेर थांबायचं, आणि वरून टाकलेलं झेलायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी आप्पांनी हलगी फोडून चुलीत घातली आणि निपाणीला येऊन तंबाखूच्या वखारीत कामाला लागले. खोकत खोकत आपल्याला शिकवलं. मला गाण्याची शिकवणी लावायची म्हटल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "वाजवून-गाऊन झालं आपलं." तेव्हा तू माझ्या बाजूनं उभा राहिलास. बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, त्यात गाणं शिकू नका असं कुठं म्हटलंय, असं आप्पांना विचारायची छाती फक्त तुझी होती. मी आज जी काही आहे ती तुझ्या त्या प्रश्नामुळं आहे.

पण म्हणून हलगी?

"आप्पांनी जाळलेलं तू परत घरात आणतोस," मी म्हटलं.

"ह्या हलगीला कुणाच्या दारात जावं लागत न्हाय गं. कुणी बलवत न्हाय, कुणी थांबवत न्हाय. चामडं न्हाय, शेकायला नगो. मग ऱ्हातंय काय? नुसता आप्पांचा हात ऱ्हातोय."

"आणि आप्पांना काय वाटंल?"

"झालं की ऐकवतो त्यास्नी. पयल्यांदा त्यास्नीच."

मला तुझं म्हणणं पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तुला त्या आवाजातून सगळा अपमान गाळून काढून नुसता ठेका ठेवायचा होता. असं गाळता येतं का, अण्णा? तो ठेका ऐकला की मला अजून वरून टाकलेलं झेलणारे हात दिसतात. तू म्हणायचास, ते हात माझ्याच बापाचे आहेत, आणि त्या हातांना जे येत होतं ते गावातल्या एकालाही येत नव्हतं. मग मी काही बोलायची, मग तू काही बोलायचास, आणि वहिनी आतून म्हणायची, चहा प्या आणि गप्प बसा दोघं. या भांडणाचा निकाल लागायचा होता. आप्पांनी ऐकलं असतं तर लागला असता. म्हणूनच मी तुझ्या मागं लागले होते: झालं असेल-नसेल, त्यांना एकदा ऐकव. त्यांचं वय बघ. तू आप्पांच्या वयाचा हिशेब करत बसलास, आणि मीही. तुझ्या वयाचा कुणी केलाच नाही.

आता कॅसेटींचं ऐक.

तुला मातीत ठेवून आलो. जलदानविधी जवळ आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सगळं वहिनीच्या अंगावर. विहारातल्या मंडळींनी बुद्धवंदनेची आणि गाण्यांची कॅसेट दिली आणि सांगितलं, भरून घ्या, दिवसभर लावायला लागेल. खडेबाजारातल्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात आपल्याच कॅसेटी न्याव्या लागतात. वहिनीनं तुझ्या टेबलावरच्या कॅसेटी घेतल्या. एकेक टेपरेकॉर्डरवर लावून बघितली, हेही सांगते, म्हणजे तिला बेफिकीर म्हणू नकोस. सगळ्यांतून नुसतं किर्र आणि चिर्र. ओल लागून खराब झाल्या असं तिला वाटलं. तुझे प्रोग्रॅम कॅसेटवर तसेच वाजतात, तो किरकिराट यंत्राला कळतो आणि माणसाला कळत नाही, हे तू तिला कधी सांगितलंस? तुझ्या टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चकतीवर तिच्याच नेलपॉलिशचा ठिपका आहे, यंत्राला किती आवाज लागतो त्याची खूण म्हणून. नेलपॉलिश मागून नेलंस, आणि कशाला ते सांगितलं नाहीस.

मी तुझी हलगी आप्पांना ऐकवायची म्हणून कॅसेटी मागायला गेले, तर तिनं भरून आणलेल्या कॅसेटींच्या धुऊनपुसून ठेवलेल्या डब्या माझ्यापुढं धरल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: वंदना, गाणी, गाणी. "तुमच्या अण्णांच्याच कॅसेटी हायत," ती म्हणाली, "त्येंच्याच कामाला आल्या, बरं वाटलं." अण्णा, तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरासं समाधान होतं. मी तिला जवळ घेतलं, आणि रिक्षा करून खडेबाजार गाठला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "आक्का, पुसलं की गेलं. आणि आत होतं तरी काय? नुसता कचरा आवाज." मी त्याच्या दुकानासमोर भर बाजारात उभी राहून रडले. रडण्यापेक्षा चिडले जास्त.

कॅसेटच्या पाठीला दोन इवलेसे प्लॅस्टिकचे कान असतात. ते मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. नखानं मोडतात, अण्णा. शाळेतल्या माझ्या मुली मोडतात. तू एकाही कॅसेटचे मोडले नव्हतेस. नाव घातलं नव्हतंस. का, तर झालं नव्हतं. तुझी सनई गेली. हलगी गेली. तुझ्या हातानं काही वाजल्याचा पुरावा आज माझ्याकडं नाही, आणि तो पुसला गेला तुझ्याच जलदानविधीच्या तयारीत. हे सांगून हसावं असा एकच माणूस होता, तोही तूच.

आता विधीच्या दिवसाचं. दारात मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांनी फुलं वाहिली, बौद्धाचार्य बोलले. मग जेवणाच्या पंगती बसल्या आणि मांडववाल्यानं कॅसेट लावली. वंदना संपली. कॅसेट पुढं फिरतच राहिली, आणि दुकानदारानं जिथवर भरलं होतं त्याच्यापुढं, लाउडस्पीकरमधून, सगळ्या गल्लीवर, तुझा किरकिराट सुरू झाला. कुठल्याशा प्रोग्रॅमचं शेपूट उरलं होतं. माणसांनी घास टाकून कानांवर हात ठेवले. एक म्हातारी उठूनच उभी राहिली. मांडववाला धावला आणि त्यानं बटण दाबलं.

आप्पा माझ्या शेजारी खुर्चीवर होते. विचारलं, "काय गं त्ये?"

"अण्णाचं हाय, आप्पा. त्याच्या कामाचं काहीतरी."

त्यांनी मान वळवून लाउडस्पीकरकडं बघितलं. मी मात्र ती कॅसेट मांडववाल्याकडून मागून घेतली आणि पंगती उठायच्या आत तुझ्या यंत्राला लावून बघितली. ठिपक्यावर चकती आणून बघितली. मागंपुढं करून बघितली. सुरुवात नसली तर ते यंत्र बाकीचं घेत नाही, हे तू मला एकदा समजावलं होतंस; तरी बघितली. मग वायरी काढल्या आणि सगळं बंद केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत माणसं पांगली. मी तुझ्या खोलीत भांड्यांचा पसारा आवरत होते, पाहुण्यांनी तिथंही ताटं नेऊन ठेवलेली. आप्पा भिंतीला धरत आत आले आणि तुझ्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर त्यांना मी आजवर बघितलं नव्हतं.

"त्ये मघाचं न्हवं," ते म्हणाले.

"काय, आप्पा?"

"त्येचं येगळं हुतं. हलगीचं."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. त्यांच्या तोंडून तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ह्या भिंतीपल्याड माझी खाट हाय की गं. रोज ऐकायचो. उशाकडची बाजू बदलून भिंतीकडं केली, नीट ऐकू यावं म्हणून." समोरच्या टीव्हीवरची धूळ त्यांनी पंजानं पुसली. "म्हटलं, बलवील मला. आज बलवील, उद्या बलवील. न्हाय बलवलं त्येनं."

"तुम्हीच का आला नाहीत, आप्पा?"

"मी कसा येऊ? मी जाळल्याली हाय न्हवं?"

अण्णा, माझा संताप कुणाला दाखवू? एका विटेची भिंत. अलीकडं तू, झालं नाही म्हणून दार लावून बसलेला. पलीकडं ते, बोलावलं नाही म्हणून भिंतीला कान लावून पडलेले. आणि मी मूर्ख, दोन्ही खोल्यांत चहा नेऊन देत होते.

मग ते म्हणाले, "चालू कर की त्ये. बगू तर काय करतंय."

आत काही उरलेलं नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडं बघून सांगवेना. वायरी जोडल्या, टीव्ही लावला, बटण दाबलं. यंत्र चालू झालं की ती चिप आपोआप एक छोटासा टीं आवाज काढते, तू काही सांगितलं नसलंस तरी. तेवढाच तिला स्वतःहून येतो.

आप्पांचा चेहरा उजळला. "व्हय! ह्येच. ह्येच्यानंच सुरू हुयाचं." आणि धोतराचा सोगा आवरून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ते पुढचं ऐकायला सरसावून बसले.